पहिल्या वॉटचा आवाज

नारायणगुड्याकडच्या एका जुन्या थिएटरनं नवी साउंड सिस्टीम बसवली आणि पडद्यामागचे जुने स्पीकर विकायला काढले. ते आमच्या नल्लकुंट्याच्या घरी आले. मी ट्रंक एक्स्चेंजमधली सकाळची ड्यूटी संपवून परतले, तर जिन्याच्या तोंडाशी बंडी उभी होती आणि तिच्यावर दोरीनं आवळलेली दोन लाकडी कपाटं. प्रत्येक कपाटाच्या डोक्यावर परातीएवढ्या तोंडाचा पत्र्याचा कर्णा. शेजारच्या बाईंनी विचारलं, फ्रीज घेतला का. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, कारण काय घेतलंय ते मला अजून माहीत नव्हतं.

घेणारे अर्थात आमचे हे. सरकारी मालकीच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात ते इंजिनिअर होते. त्यांच्या विभागात मोठी वायरलेस यंत्रं बनत आणि त्या यंत्रांत व्हॉल्व्ह असत, जुन्या रेडिओत काचेच्या बाटल्या लाल पेटायच्या तसे, फक्त थोरले. उदारीकरण आलं तशा कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या. व्हॉल्व्हचा विभाग आधी एका पाळीवर आला, मग बंद झाला. यांना दुसऱ्या इमारतीत टेबल दिलं, टेबलावर काम दिलं नाही. नोटीस बोर्डावर स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली होती. घरी ते त्याबद्दल बोलत नसत. संध्याकाळी गच्चीला लागून असलेल्या खोलीत बसून सोल्डरिंग करत, आणि त्या खोलीत त्यांनी व्हॉल्व्हचा एक अँप्लिफायर बांधला होता. ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः गुंडाळला होता. अँप्लिफायर जड होता, देखणा होता आणि आवाजाला तोकडा होता. आमच्या साध्या स्पीकरवर तो जेमतेम ऐकू यायचा.

म्हणून थिएटरचे स्पीकर. ते थोड्या विजेत मोठा आवाज देतात, असं यांनी मला जिन्यातच सांगितलं. जुन्या काळी अँप्लिफायर लहान असत आणि थिएटर मोठी, तेव्हा स्पीकरच असे बनवावे लागत. आपल्या हॉलमध्ये एक वॉटसुद्धा पुष्कळ होईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमचा हॉल लहान होता. स्पीकर लावल्यावर सोफा खिडकीला भिडला आणि सासूबाईंची खाट त्यांच्या खोलीत हलवावी लागली. सासूबाई निजामाच्या राज्यात शिकलेल्या, उर्दू शाळेत. फार बोलायच्या नाहीत. त्यांनी कर्ण्यांकडे पाहिलं, "इलेक्शन आहे काय घरात?" एवढंच विचारलं आणि डाव्या कपाटावर पापडाचा डबा नेऊन ठेवला.

यांचा एक कॉलेजचा मित्र होता. तेलुगू माणूस, कुकटपल्लीला एका शेडमध्ये ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर बनवायचा. ते लग्नाच्या मंडपात, सभांना, गणपतीत लागत. धंदा बरा चालला होता, पण त्याला घरगुती अँप्लिफायर काढायचा होता. त्याचं गणित सोपं होतं. नवे फ्लॅट होत होते, घराघरांवर केबलची वायर आली होती, गल्फहून लोक सीडी प्लेअर आणत होते. या लोकांना चांगला देशी अँप्लिफायर हवा असणार. यांनी कारखाना सोडून आपल्याबरोबर यावं असं तो वर्षभर म्हणत होता. हेही तयार होते, पण त्यांची एक अट होती, अँप्लिफायर व्हॉल्व्हचा हवा.

रविवारी सकाळी मित्र स्कूटरवरून यायचा आणि या अटीवर वाद व्हायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मित्र म्हणायचा, व्हॉल्व्ह गरम होतो, फुटतो, नवीन मिळत नाही. माझा ट्रान्झिस्टर शंभर वॉट देतो आणि स्कूटरच्या पायापाशी मावतो. हे म्हणायचे, शंभर वॉट कशाला हवेत? या स्पीकरवर माणूस पहिल्या वॉटच्या आतच ऐकतो. तुझ्या यंत्राचे उरलेले नव्व्याण्णव चांगले असतील, पण पहिला खडबडीत आहे, व्हॉल्व्हचा आवाज उबदार असतो. मग दोघं तीच रेकॉर्ड दोन्ही यंत्रांवर लावायचे. प्रत्येकाला आपलं यंत्र बरं वाटायचं.

असे बरेच रविवार गेल्यावर मित्रानंच सुचवलं की भाभींना बसवू या. तो माझ्याशी दखनीत बोलायचा. म्हणाला, "भाभी दिनभर कान से काम करते. अपन दोनों का कान तो अपने-अपने डब्बे को बिक गया."

ते खरं होतं. ट्रंकवर आमचं सगळं काम कानाचंच. हेडफोन लावून बसायचं आणि आदिलाबाद, नांदेड, गुलबर्गा, कुठून कुठून येणारे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. एखादी लाइन खरखरते, एखादी घुमते, एखादीत माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतो. नाव चुकलं तर भलत्याच घरी निरोप जातो, म्हणून आम्ही लाइन ऐकायला शिकलो होतो. त्या सुमारास लोक स्वतःच नंबर फिरवून परगावी बोलायला लागले होते. चौकाचौकात पिवळ्या पाटीचे बूथ निघाले होते आणि आमच्या बोर्डावरचे दिवे दिवसेंदिवस कमी लागत. एकूण माझ्या कानांना फुरसत होती. मी बसते म्हटलं, पण माझ्या पद्धतीनं.

पहिली गोष्ट मी सांगितली ती ही की दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा मोठा हवा. जी लाइन मोठी येते ती आपल्याला स्वच्छ वाटते, नावं मात्र तिच्यावरही चुकतात, हे मला बोर्डावर कळलं होतं. यांनी मीटर लावून दोन्ही आवाज एका पातळीवर आणले. दुसरी गोष्ट, यंत्रं मला दिसू नयेत. ती आतल्या खोलीत ठेवली, दार लोटलं आणि मधे एक बदलायचं बटण बसवलं. व्हॉल्व्हच्या यंत्राला स्पीकरशिवाय मोकळं सोडलं तर ते जळतं म्हणे, म्हणून त्या बटणातही यांना बरीच खटपट करावी लागली. तिसरी गोष्ट, फक्त गाणं नको, बोलणंही हवं. मित्रानं आपल्या आवाजात तेलुगू पेपर वाचून तो टेप करून आणला. गाण्यासाठी त्याच्या भावानं अमेरिकेहून पाठवलेला सीडी प्लेअर होता, त्यात एका बाईंचा ख्याल आणि मागे तानपुरा.

पहिल्याच वेळी काहीतरी बारीक थरथरत होतं. मित्र म्हणाला, व्हॉल्व्ह. हे म्हणाले, ट्रान्झिस्टर. दोघांनी सगळी जोडणी उसकटली. मग सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी पापडाचा डबा उचलला आणि आत नेला. थरथर थांबली.

त्यानंतर मी ऐकलं. सोफ्यावर मधोमध बसायची आणि डोळे मिटायची. आतून हे किंवा मित्र बटण फिरवायचे, कोणतं यंत्र लावलंय ते सांगायचे नाहीत. मी फक्त पहिलं की दुसरं, एवढंच म्हणायची. फरक होता. मोठ्या आवाजात तो जवळजवळ कळायचा नाही, पण घरात आपण जसं हळू लावतो तसं लावलं की कळायचा. एका यंत्रात बाईंचा स्वर संपत येताना शेवटी बारीक वाळू यायची. तांदूळ धुताना तळाशी बोटाला लागते तशी. तानपुरा त्या वाळूत बुडायचा. दुसऱ्यात स्वर शेवटपर्यंत गुळगुळीत जायचा, पण त्याच्यामागे सतत एक घूं आवाज होता, लांबच्या ट्रान्सफॉर्मरसारखा, आणि तबल्याचा डग्गा जरा फुगलेला यायचा. मला दुसरं यंत्र आवडलं. पुढच्या रविवारी पुन्हा ऐकलं, तेव्हाही आवडलं. दोन्ही वेळा ते व्हॉल्व्हचं निघालं.

यांचा चेहरा त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी मोकळा पाहिला. जेवताना त्यांनी सासूबाईंना आपण होऊन सांगितलं की नोकरी सोडायचा विचार आहे, योजनेची मुदत संपायच्या आत अर्ज देणार, व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बनवणार. सासूबाईंनी विचारलं, कोण घेणार? हे म्हणाले, ज्यांना कान आहेत ते.

मित्र मात्र हिरमुसला नाही. जाताना तो चपला घालता घालता थांबला आणि मला पुन्हा विचारू लागला की वाळू म्हणजे नेमकं काय, स्वराच्या सुरुवातीला की शेवटी, आवाज वाढवला की जाते का. मी जेवढं सांगता येत होतं तेवढं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि स्कूटरला किक मारली.

दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो तेच यंत्र घेऊन, पण वरचं झाकण बदललेलं, जाळीचं. हात लावला तर गरम. त्यानं यांना समजावून सांगितलं, मी चहा देता देता ऐकलं. मंडपाच्या यंत्रात तो ट्रान्झिस्टरना स्वस्थ असताना फार कमी करंट द्यायचा, म्हणजे ते तापत नाहीत. पण त्यामुळे आवाज अगदी हळू असला की एक ट्रान्झिस्टर थांबून दुसरा सुरू होताना मधे बारीक खाच पडते. मंडपात ती कोणाला ऐकू येत नाही. साध्या स्पीकरवरही फारशी नाही. या कर्ण्यांना सगळंच ऐकू जातं. आता त्यानं तो करंट वाढवला होता आणि यंत्राचा स्वतःचा सूं आवाजही कमी केला होता. हे म्हणाले की मग ते यंत्र आता व्हॉल्व्हसारखंच तापणार. मित्र म्हणाला, "तापने दो. तुम ही तो सिखाए पहला वॉट."

मी पुन्हा सोफ्यावर बसले. तोच ख्याल, तोच तानपुरा, तोच तेलुगू पेपर. आतून बटण फिरत होतं. मी पहिल्यांदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. वाळू नव्हती. घूं आवाजही आता नीट लक्ष देऊनच ऐकू यायचा, कारण यांनीही मधल्या दिवसांत आपल्या यंत्रावर काम केलं होतं. डग्गा एकात किंचित आखूड आणि घट्ट वाटायचा, मला तो आवडलाही, पण पुढच्या फेरीत तो कोणत्या यंत्रात होता ते सांगता यायचं नाही. मी सांगून पाहिलं. कधी बरोबर आलं, कधी चुकलं. शेवटी मी डोळे उघडले.

हे दारात उभे होते. मी म्हटलं, "मला आता फरक कळत नाही."

"दमली असशील तू," ते म्हणाले.

"नाही दमले."

मला माहीत होतं की या वाक्यावर काय काय अवलंबून आहे. अर्ज लिहून तयार होता. पण दुसरं काही सांगणं मला जमलं नसतं. बोर्डावर ऐकू न आलेलं नाव आपण अंदाजानं सांगत नाही, पुन्हा विचारतो, हीच सवय लागलेली.

हे आत गेले, पुन्हा जोडणी तपासली, बाहेर आले आणि म्हणाले की आता मी बसतो, तू बटण फिरव. मी आत गेले. मित्र खिडकीपाशी पाठ करून उभा राहिला, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळू नये. मी बटण फिरवलं आणि दाराच्या फटीतून पाहत राहिले. यांनी डोळे मिटले होते. तानपुरा सुरू झाला, बाईंनी पहिला स्वर लावला आणि हे हसले. लहान मुलाला ओळखीचं माणूस दिसल्यावर येतं तसं हसू. गाणं बरंच पुढे गेल्यावर त्यांनी हात वर केला.

"हे माझं," ते म्हणाले. "यात शंका नाही."

मी बाहेर आले. मला सांगावंच लागलं की ते ट्रान्झिस्टरचं होतं.

मग करंट गेला. तेव्हा रोजच जायचा, वेळ ठरलेली नव्हती. दोन्ही यंत्रं बंद पडली, पंखा थांबला, आणि खालच्या गल्लीतला भाजीवाल्याचा आवाज एकदम मोठा झाला. मित्रानं पाणी मागितलं. पाणी पिऊन तो निघाला. आपलं यंत्र त्यानं बरोबर नेलं नाही, आणि जिंकल्यासारखंही काही बोलला नाही. त्याबद्दल मला त्याचा आदर वाटला.

पुढचे दहा-बारा दिवस घरात गाणं लागलं नाही. हे वेळेवर कारखान्यात जात, वेळेवर येत, गच्चीवरची खोली उघडत नसत. मला वाटलं माझ्यावर रागावले असतील. तसं विचारलंही. ते म्हणाले, रागवायचं काय त्यात. थोड्या वेळानं म्हणाले, मी इतकी वर्षं आवाज ऐकत होतो की व्हॉल्व्ह, ते मला आता सांगता येत नाही.

मग एका संध्याकाळी ते कारखान्यातून परस्पर कुकटपल्लीला गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला मित्राकडून नंतर कळलं. यांनी शेडमधले मंडपाचे सगळे अँप्लिफायर पाहिले, सर्किटचा कागद मागितला आणि यंत्र गरम झाल्यावर करंट आपोआप सावरेल अशी एक सुधारणा सुचवली. मित्रानं विचारलं, व्हॉल्व्हची अट? हे म्हणाले, नवीन फ्लॅटमध्ये कर्णे मावणार नाहीत. लोक लहान स्पीकर घेतील आणि लहान स्पीकरना वॉट लागतात, तिथं माझं यंत्र धापा टाकेल. हे त्यांना आधीही माहीत असणार. पण ते त्यांनी मोठ्यानं पहिल्यांदा म्हटलं.

अर्ज त्यांनी दिला. कारखाना सुटला. नल्लकुंट्याहून कुकटपल्ली लांब. बस बदलून जायचे, धूळ अंगावर घेऊन यायचे, आणि थकलेले असले तरी जेवताना बोलायचे. त्यांचा ट्रान्झिस्टरचा घरगुती अँप्लिफायर निघाला, काळ्या पत्र्याचा, साधा. तीन-चार वर्षं तो बरा खपला. नंतर आबिड्सच्या दुकानांत परदेशी सेट आले. रंगीत दिवे नाचणारे, स्पीकरसकट एकाच खोक्यात. पुढे आमचा माल कोणी विचारेना. मित्र तेव्हाही डगमगला नाही. शहरात कॉम्प्युटरची ऑफिसं उघडत होती आणि करंट तसाच जात होता. शेडमध्ये इन्व्हर्टर बनू लागले. हे म्हणायचे, शेवटी अँप्लिफायर काय आणि इन्व्हर्टर काय, ट्रान्झिस्टर तेच, फक्त आता त्यातून गाणं येत नाही. हे त्यांनी कुरकुरीच्या सुरात कधी म्हटलं नाही. इन्व्हर्टरमध्ये त्यांचा हात चांगला बसला.

माझा ट्रंक बोर्डही त्याच काळात उतरवला. आम्हा मुलींना, म्हणजे तेव्हा आम्ही सगळ्या चाळिशीच्या आसपास होतो तरी मुलीच म्हणवत असू, चौकशीच्या काउंटरवर बसवलं. तिथं हेडफोनपेक्षा माणसं जास्त होती आणि त्यांचा आवाज कमी करायचं बटण नव्हतं.

कर्णे हॉलमध्येच राहिले. दोन्ही यंत्रंही. कोणतं लावायचं हे पुढे सासूबाईंनी ठरवलं. उन्हाळ्यात व्हॉल्व्हचं यंत्र सुरू केलं की त्या म्हणायच्या, शेगडी बंद करा. म्हणून मे महिन्यात मित्राचं यंत्र, तेही जरा तापायचंच, पण दिसायला शांत. डिसेंबर-जानेवारीत यांचं. थंडीत सासूबाई आपली खुर्ची त्या यंत्राजवळ ओढून घ्यायच्या आणि हात शेकत गाणं ऐकायच्या. दोन्हींत काही फरक वाटतो का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं.

"हौ," त्या म्हणाल्या. "हे उबदार आहे."

यांनी ते ऐकलं आणि मान डोलावली. सासूबाई फक्त यंत्राच्या उबेबद्दल बोलत होत्या, हे यांनाही माहीत होतं.